छातीतलं पाणी आणि बाहेरचा बाक

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या, एमडी मेडिसिन. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी १५ वर्षांपासून दवाखाना. यजमान सर्जन, मुलगी अकरावीत, सासूबाई घरात. मागच्या वर्षी संध्याकाळची कसकस आणि डाव्या कुशीत दुखणं सुरू झालं. तीन आठवडे बाईंनी स्वतःच स्वतःला लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. मग जिना चढताना धाप लागायला लागली, एक्स-रे काढला, छातीत पाणी निघालं. टीबीचं. फुफ्फुसं आणि थुंकी साफ होती. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, आता त्या बऱ्या आहेत. गावात मात्र 'टायफॉइड उलटला' असं सांगितलं होतं.

परतल्यापासून एकेका पेशंटला वीस-पंचवीस मिनिटं जातात. कुणी रडलं की यांचेही डोळे भरतात. ओपीडी रात्री दहापर्यंत रेंगाळते. यजमान म्हणतात, "आता पुरे झालं तुझं पेशंटपण." शिवाय एक जुना पेशंट डोक्यातून जात नाही. ऊसतोडीला आलेला, पस्तिशीचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं दोन महिन्यांत टीबीच्या गोळ्या सोडल्या, तेव्हा भरल्या ओपीडीत या त्याला म्हणाल्या, "मरायचंच असेल तर माझ्याकडे येऊ नकोस." तो परत आला नाही. "आता मला कळतंय त्यानं गोळ्या का सोडल्या," त्या लिहितात. "ती मळमळ मी सहा महिने भोगली आहे." त्यांना विचारायचंय ते हे: पेशंटना खरं सांगावं का? त्या माणसाला शोधून माफी मागावी का? आणि अशी हळवी झालेली डॉक्टर या कामाच्या लायकीची राहिली आहे का?

---

नमस्कार.

सवयीनं 'मॅडम' लिहिणार होते. एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून ३१ वर्षं काढली, त्यामुळे डॉक्टर म्हटलं की हात आपोआप तसा वळतो. पण हे पत्र मॅडमनं लिहिलेलं नाही, पेशंटनं लिहिलंय, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणते. मी डॉक्टर नाही हेही आधीच सांगून टाकते. औषधाचं तुम्ही मला शिकवाल. मी आयुष्यभर बसले ती ओपीडीच्या बाहेर, बाकाच्या बाजूला, आणि जे काही सांगणार आहे ते तिथलंच आहे.

तुमच्या पत्रातला एक तुकडा मी तीनदा वाचला. पाणी काढायला तुम्हाला खुर्चीवर उलटं बसवलं, पुढे टेबलावर उशी आणि उशीवर हात. समोर भिंत. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर, महिना मागचाच. पाठीमागे दोघं जण नव्या गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलत होते. मध्येच तुम्हाला खोकल्याची उबळ आली, तशी ती येते हे तुम्हाला पाठ होतं, तरी वाटलं की काहीतरी चुकलं. पुढे तुम्ही लिहिलंय, "मी स्वतः शेकडो जणांचं पाणी काढलंय. पेशंटला समोर काय दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं."

हे वाक्य शंभर नंबरी खरं आहे. त्याच पत्रात दोन पानं पुढे दुसरं एक वाक्य येतं: "आता मला कळतंय त्यानं गोळ्या का सोडल्या."

कळलंय का, खरंच?

रागावू नका. मी जरा हळू विचारते. तुम्ही त्या माणसाबद्दल दिलेली माहिती एवढीच आहे: वय, ऊसतोड, दोन महिने, आणि तुमचं ते वाक्य. मळमळ होते असं तो कधी म्हणाल्याचं पत्रात कुठे नाही. मळमळ तुम्हाला झाली. झालीही असेल त्याला, चार गोळ्या एकदम घेतल्या की पुष्कळांना होते. पण ऊसतोडीचे पेशंट मी बरेच पाहिलेत, आणि गोळ्या सुटण्याची जी कारणं त्यांनी मला सांगितली त्यात मळमळ चौथी-पाचवी यायची. पहिलं कारण टोळी हलली. फड संपला की मुकादम दुसऱ्या गावाला नेतो, आणि औषधाचं कार्ड राहतं इथल्या केंद्रात. दुसरं कारण उचल. हंगामाआधी जोडीनं मिळून घेतलेले पैसे अंगावर असतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक जण बसला की अर्धा कोयता गेला. ओपीडीसाठी एक दिवस मोडायचा तर खाडा पडतो. तिसरं म्हणजे बरं वाटायला लागतं. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. मग माणूस म्हणतो, आता कशाला? हे तिसरं कारण तर तुम्ही कॉलेजातच शिकलात.

तुमच्या आजारानं तुम्हाला मळमळ शिकवली. उचल शिकवली नाही, आणि ती शिकवणारही नव्हती. तुम्हाला घरून गाडीनं नेलं, पाण्याचा रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला, सहा महिने दवाखाना बंद-चालू ठेवता आला. यात तुमचा दोष काही नाही. पण पूर्वी तुम्ही 'मला सगळं कळतं' म्हणून त्याला झापलंत, आणि आता 'मला सगळं कळतं' म्हणून त्याच्यासाठी रडताय. दोन्ही वेळा त्याला विचारायचं राहूनच गेलं.

आजारी पडलेल्या डॉक्टरांबद्दल आपल्याकडे एक गोड समजूत आहे. स्वतः भोगलं की डॉक्टर सुधारतो, हळवा होतो, पेशंटचं मन ओळखतो. माझ्या रुग्णालयात तीन-चार डॉक्टर मोठ्या आजारातून उठून परत आले. त्यातले एक खरोखर बदलले. दुसरे उलट जास्त कडक झाले. "मला पण झालं होतं, मी काही एवढा बाऊ केला नाही," हे त्यांचं नवं वाक्य. दुखणं भोगून माणूस आपोआप शहाणा होत असता तर आपल्या वॉर्डांत सगळे संतच भेटले असते.

उलट, डॉक्टर हा पेशंट म्हणून बहुधा उशिरा येणारा आणि अर्धवट ऐकणारा असतो. तुम्ही तीन आठवडे काढलेत आणि त्याची लाज वाटते असं लिहिलंय. चेखवनं बारा वर्षं काढली. तो लेखक म्हणून आपल्याला माहीत, पण मॉस्कोत शिकलेला डॉक्टर होता. १८८४ मध्ये पहिल्यांदा खोकल्यातून रक्त पडलं, आणि कुणी तपासतो म्हटलं की टाळायचा. १८८९ मध्ये सख्खा भाऊ क्षयानं गेला, तरी तेच. खेड्यात राहून शेतकऱ्यांच्या छाती तपासायचा, स्वतःची कुणाला तपासू द्यायची नाही. १८९७ च्या मार्चमध्ये मॉस्कोच्या एका हॉटेलात जेवायला बसला असताना रक्ताची मोठी उलटी झाली, तेव्हा कुठे क्लिनिकमध्ये भरती झाला. (तिथे टॉलस्टॉय भेटायला आले आणि खाटेजवळ बसून अमरत्वावर चर्चा करत राहिले. पेशंटला भेटायला जाऊन काय बोलू नये, याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.) १९०४ मध्ये तो गेला, ४४ वर्षांचा. तुमच्याच वयाचा. त्याच्या काळी औषध नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या तेव्हाही नव्हतं. २१ व्या वर्षी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्यावर काही महिन्यांतच. तुमच्या नशिबी सहा महिन्यांची गोळी होती, आणि मधले तीन आठवडे तुम्ही तिच्या वाटेत स्वतःच उभ्या राहिलात. लिव्होफ्लॉक्सासिननं टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं, हे माझ्यासारखीला माहीत आहे, तर तुम्हाला असणारच. पण स्वतःच्या बाबतीत ते आठवलं नाही. स्टेथोस्कोप शोधून काढणाऱ्या डॉक्टर लेनेकनंसुद्धा शेवटी छाती पुतण्याला ऐकायला सांगितली होती. स्वतःच्या छातीला स्वतःचा कान लावता येत नाही.

आता तुमच्या हळवेपणाकडे येते. एका पेशंटला वीस-पंचवीस मिनिटं. ऐकायला छान वाटतं. पण तुमच्या खोलीचं दार लोटून बाहेर आलं की तिथे बाक आहे. त्यावर कोण बसलंय? तालुक्याचा दवाखाना म्हणजे निम्मे लोक आजूबाजूच्या खेड्यांतले. शेवटची एसटी चुकली की वडापनं जायचं, नाहीतर कुणाची तरी मोटरसायकल शोधायची. आत जिला तुम्ही अर्धा तास दिलात तिचं मन हलकं झालं, आणि बाहेर ताप घेऊन बसलेल्या म्हातारीची गाडी गेली. आत पाझरणारी माया बाहेर बसलेल्याच्या वेळातून काढलेली असते. हे तुम्हाला सांगायला कोणी येणार नाही, कारण बाकावरचे लोक डॉक्टरला असं बोलत नाहीत. मला बोलायचे.

सगळी मिनिटं सारखी नसतात. टीबीच्या पेशंटला पहिल्या दिवशी निदान ऐकून कान सुन्न होतात, पुढचं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी वीस मिनिटं समजावणं म्हणजे बंद दारावर पत्र टाकणं. त्या दिवशी दोन गोष्टी पुरे: हे बरं होतं, आणि उद्यापासून लघवी केशरी होईल, ते रक्त नाही. दुसरी गोष्ट सांगायची राहिली म्हणून 'उष्णता झाली' समजून औषध सोडलेले पेशंट मी स्वतः परत आणलेत. तुम्हीही लिहिलंय की पहिल्या सकाळी तो रंग बघून तुम्ही क्षणभर दचकलात. तो रंग आणणारं रिफॅम्पिसिन रोज लिहून देणारा हात दचकला तर ज्याला नाव पण वाचता येत नाही त्याचं काय होत असेल?

खरा वेळ लागतो तो आठव्या-दहाव्या दिवशी. मळमळ सुरू झालेली असते, घरी कुणीतरी म्हणालेलं असतं की गोळ्या गरम पडतात, शेजारणीचा काढा आलेला असतो. त्या दिवशी तुमच्याकडून एक फोन गेला तर तो पंचवीस मिनिटांना भारी. तुम्हीच करायला पाहिजे असं नाही. सिस्टरला किंवा कंपाउंडरला चार प्रश्न लिहून द्या: गोळ्या किती वाजता घेता, उलटी होते का, डोळे पिवळे किंवा दिसायला अंधुक वाटतं का, आणि पुढचे दोन महिने तुम्ही याच गावात आहात का. हा शेवटचा प्रश्न तुमच्या छापील फॉर्मवर नसेल, घाला. ऊसतोड असो, वीटभट्टी असो की मुंबईला कामाला जाणारा पोरगा असो, गाव बदलणार असेल तर निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, नाव दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतं, पण आधी कळलं तर. बायकांना आणखी एक गोष्ट एकटीला गाठून सांगायची असते: या औषधांवर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा राहत नाही. भरल्या खोलीत ती कोणी विचारत नाही.

हे सगळं मोठ्या अक्षरात अर्ध्या पानावर, तुमच्या भागातल्या बोलीत छापून घ्या. 'औषधोपचार नियमित घ्यावेत' अशी भाषा नको. 'गोळ्या रोज, जेवणाआधी की नंतर ते डॉक्टर सांगतील तसं, एकही दिवस चुकवायची नाही' असं. आणि ते कॅलेंडर. पाणी काढायच्या खोलीतल्या भिंतीवर तुमच्याकडे काय आहे, ते आज जाऊन बघा. सुई टोचताना, पाणी येत असताना, खोकला येणार असेल तेव्हा, पाठीमागून एक माणूस नुसतं सांगत राहिला की आता काय चाललंय, तर पुरतं. गाडीच्या ॲव्हरेजचं नंतर बोला.

खरं सांगावं का, याबद्दल. सासूबाईंचं म्हणणं तुम्ही लिहिलंय, "पोरीच्या लग्नात काढतील." त्यांना हसू नका. त्यांच्या लहानपणी टीबी म्हणजे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनिटोरियम, वेगळं ताट-वाटी आणि कुजबुज. ते भय त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुमचा टीबी छातीच्या पाण्यातला, थुंकी साफ, कोर्स पूर्ण. पेशंटला त्यापासून काही धोका नव्हता आणि नाही. तेव्हा सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. ज्या हक्कानं तुमचे पेशंट आपला आजार झाकून ठेवतात तोच हक्क तुम्हाला आहे.

पण तुम्ही नुसतं झाकलं नाहीत. खोटं सांगितलंत. आणि पत्रातली जी ओळ मला टोचली ती ही, की नोंद झाल्यावर चौकशीला आलेल्या आरोग्यसेवकाला तुम्ही मागच्या दारानं घेतलंत आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलंत. २०१२ पासून टीबीची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, तुम्ही स्वतः किती जणांची केलीत, आणि किती जण तुम्हाला म्हणाले असतील, "मॅडम, घरी कुणी नको पाठवू." तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतंत? तो मुलगा बिचारा आपलं काम करत होता. माझं ऐकाल तर सुरुवात त्याच्यापासून करा. गावाला नंतर बघू. त्याला पुढच्या दारानं चहाला बोलवा. मग तुमचा कंपाउंडर, तुमची सिस्टर. ज्यांनी सहा महिने फोनवर 'मॅडमना टायफॉइड आहे' म्हटलं त्यांना तुमच्या तोंडून खरं कळू दे. बहुतेक त्यांना ते आधीच माहीत असेल. तालुक्याच्या गावात गोळ्यांचा रंग लपत नाही.

पेशंटना सांगायचं ते सरसकट नको. पाटी लावू नका, मुलाखत देऊ नका. कधीतरी एखादी विशीतली मुलगी समोर बसेल, आई पदर तोंडाला लावून, आणि दोघींना वाटत असेल की आता सगळं संपलं. तेव्हा 'मी पण याच गोळ्या घेतल्यात' हे एक वाक्य औषधासारखं लागू पडेल. ते बोलून लगेच तिच्याकडे परत या. तुमची मळमळ, तुमचं कॅलेंडर, तुमची पाठ, यातलं काही तिला ऐकवू नका. तुम्ही स्वतःबद्दल दोन मिनिटं बोललात की ती पेशंट राहत नाही, तुमची श्रोती होते. आणि हे वाक्य वापरायचं की नाही ते मुलीला एकदा विचारून ठरवा. नाव तिचंही आहे. अकरावीतली आहे, समजतं तिला.

यजमानांचं वाक्य कडू आहे. पण मला एक सांगा, त्या सहा महिन्यांत नातेवाईकाच्या खुर्चीवर कोण बसलं होतं? सर्जन माणूस, ज्याच्या हातात कायम काहीतरी करायला असतं, तो तुमची सुई टोचली जाताना दाराबाहेर उभा होता. त्याला तेव्हा काय वाटलं हे तुमच्या चार पानी पत्रात कुठे नाही. बायकोचं पेशंटपण संपावं असं त्यांना वाटतंय, ते कदाचित ओपीडीच्या हिशेबापायी नसेल. विचारा. नातेवाईकांना कुणीच काही विचारत नाही, ही आमच्या खात्याची जुनी तक्रार आहे.

राहिला तो पेशंट. तुम्ही विचारलंय की त्याला शोधून माफी मागावी का. शोधा, जरूर. तुमच्या तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे जा, तीन वर्षांपूर्वीचं नाव काढा, मूळ गाव बघा, तिथल्या पथकाला फोन लावायला सांगा, ऊसतोडीचे लोक पावसाळ्यात बहुधा घरी असतात. मिळाला तर आधी त्याची तपासणी झाली का ते बघा: गोळ्या अर्ध्यात सुटलेल्याला औषधं लागू पडतात की नाही ही तपासणी नव्यानं करावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बायको-पोरांची तपासणी झाली का, टीबीच्या पेशंटला सरकार देतं ते पोषणाचे पैसे कधी मिळाले का तेही विचारा. आता ते महिन्याला १००० रुपये आहेत, २०२४ च्या नोव्हेंबरआधी ५०० होते. पण त्यासाठी बँकेचं खातं लागतं, आणि नेमकं तेच त्याच्याकडे नसायची शक्यता आहे. एवढं सगळं झाल्यावर माफी मागायची असेल तर मागा. आधी नको. आधी मागितलीत तर तो "नाही नाही मॅडम, तसं काही नाही" म्हणेल, तुम्हाला मोकळं वाटेल, आणि त्याच्या छातीचं तसंच राहील. तो गेला असेल, असंही होऊ शकतं. मग त्याच्या घरच्यांची तपासणी करून घ्या. आणि भेटलाच तर एक प्रश्न नक्की विचारा: तेव्हा गोळ्या का सोडल्यास? उत्तर मळमळ निघालं तर मला एक ओळ पाठवा, मी या सदरात चूक कबूल करीन.

लायकीचं विचारलंत. रडू येतंय, झोप लागत नाही आणि हे महिनोन् महिने चाललंय, तर त्याला हळवेपणा म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या आजारानंतर उदासी येते, डॉक्टरांनाही येते, आणि तिच्यावर उपचार आहेत. गावातल्या कुणाकडे जायचं नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. यावेळी गोळी स्वतः लिहून घेऊ नका, एवढीच विनंती.

आणखी एक. कोर्स संपल्यावर दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात. तुम्हीही पेशंटना बोलावता आणि ते येत नाहीत म्हणून चिडता. तुमची पहिली तपासणी कधी आहे, ते पत्रात मला कुठे सापडलं नाही. उद्या फोन करून वेळ घ्या. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, आणि तिथे ओळखीचं कुणी दिसलं तरी नंबर येईपर्यंत बाकावरच बसा. यजमान येतो म्हणाले तर त्यांनाही शेजारी बसवा.